चाळीतली बंद व्यायामशाळा: इथे छोटंसं कलेचं ठिकाण करायचंय, कुणी केलंय का असं?

चाळकरी_डिलाईलरोड
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीये, सांभाळून घ्या.

आमची चाळ मुंबईत डिलाईल रोडच्या आतल्या गल्लीत, पागडीची (म्हणजे मालक वेगळा, आम्ही जुने भाडेकरू), तीन मजली. तळाला मंडळाची व्यायामशाळा आहे, साडेतीनशे स्क्वेअर फुटांच्या आसपास. एके काळी इथे पोरं पहाटे पाचला जोर मारायची म्हणे, आता गंजलेले डंबेल्स, मधोमध मल्लखांब, भिंतीवर मारुतीची तसबीर आणि बाकी सगळा गणपतीच्या डेकोरेशनचा प्लायवूड. गणपती सोडले तर वर्षभर कुलूप. पोरं एसी जिमला जातात, त्यांना काय बोलणार.

आम्हा चार-पाच जणांच्या डोक्यात आलंय की ही जागा गाणं, चित्रं, नाच, वाचन असं काहीतरी करायला उघडावी आणि सगळ्या वस्तीला उघडावी. वस्ती आता नुसती कोकणातली राहिलेली नाही ना. आम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गवाले आहोतच, मागच्या चाळीत तेलुगू पद्मशाली कुटुंबं आहेत, गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनची, त्यांची पोरं आमच्या पोरांपेक्षा बरं मराठी बोलतात. खालच्या गाळ्यांत यूपी-बिहारची मुलं राहतात, कोण टॅक्सीवर, कोण इस्त्री, कोण डिलिव्हरीला. कोपऱ्यावर बेकरीवाले आणि अजून दोन-तीन मुस्लिम घरं. आणि समोर गिरणीच्या जागेवर टॉवर, त्यांच्याशी आमचा संबंध पार्किंगवरून भांडण्यापुरता. वडापावच्या गाडीवर सगळे एकत्र उभे असतात पण कोणाच्या घरात काय गातात हे कोणालाच माहीत नाही.

अडचणी दोन. एक, कमिटीतले एक काका म्हणतात की आज चित्रकला म्हणाल, उद्या खोलीच बळकावाल. दोन, आणि ही मला जास्त छळते, गेल्या गणपतीत आम्ही सगळ्या प्रांतांच्या लोकांचा मिळून एक कार्यक्रम ठेवला होता, प्रत्येकाने आपापला आयटम केला, आपापल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि नंबर झाला की मंडळी उठून जेवायला गेली. तसलं नकोय. मग कसलं पाहिजे ते सांगा.

पोटमाळा
काकांवर रागावू नका, काका शंभर टक्के बरोबर आहेत. पागडीच्या चाळीत पुनर्विकासाचा विषय निघाला की इंच इंच मोजला जातो, आणि कुठल्या खोलीत कोण बसतं, दारावर कोणाची पाटी आहे, लाइट बिल कोणाच्या नावाने येतं, हे सगळं उद्या कुणीतरी पुरावा म्हणून टेबलावर ठेवेल ही भीती खोटी नाहीये. म्हणून जागा मागूच नका. वेळ मागा. ठराव असा लिहून घ्या की व्यायामशाळा मंडळाच्याच ताब्यात राहील आणि अमुक दोन संध्याकाळी ७ ते ९ आणि रविवारी सकाळी ती उपक्रमासाठी उघडली जाईल, मुदत सहा महिने, पुढे पुन्हा सभेत विचारायचं. दारावर नवीन संस्थेची पाटी नको, मीटरवर नाव बदलणं नको. काका स्वतःच सूचक म्हणून सही करतील बघा.

दुसरं, कुणाकडून भाडं घेऊन जागा वापरायला द्यायची आयडिया कुणी काढेलच (काढतातच), तिथे स्पष्ट नाही म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर मालकाला जागा खाली करून घ्यायला आयतं कारण मिळतं. तसंच मीटर घरगुती असेल आणि तुम्ही फी लावून क्लास सुरू केलेत तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर म्हणून बिल येऊ शकतं. मीटर कसलं आहे ते बेस्टच्या बिलावर लिहिलेलं असतं, आजच बघा.

आणि मंडळाची नोंदणी आहे का? असेल तर पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा, उतारा काढा. अर्ध्या मुंबईतल्या मंडळांचे विश्वस्त वारून दहा-वीस वर्षं झालेली असतात आणि चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) कोणी टाकलेलाच नसतो, त्यामुळे कागदावर मंडळ स्वर्गातली माणसं चालवत असतात. धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस वरळीलाच आहे, तुम्हाला चालत जाण्यासारखं. नवीन संस्था काढायची घाई मात्र करू नका. सात माणसं जमली की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते हे खरं, पण मग दरवर्षी ऑडिट, सभा, कागद. आधी वर्षभर खोली चालते का ते तरी कळू दे.

प्रभादेवीची_सीमा
कागदाचं वर आलंच आहे, मी मिसळण्याबद्दल लिहिते कारण ते आम्ही केलंय.

आमच्याकडे पण आधी तुमच्यासारखंच, प्रत्येकाचा आयटम. मग एका वर्षी भोंडल्याची तयारी चालली होती आणि बाजूच्या तेलुगू बायका त्यांच्या बतुकम्माची फुलं निवडत बसल्या होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बतुकम्मा म्हणजे ताटात फुलांचे थर लावत वर वर निमुळता होत जाणारा मनोरा करायचा आणि मग त्याच्याभोवती बायकांनी फेर धरून टाळ्या वाजवत गायचं. आपल्याकडे पाटावर हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. त्यांचं सर्वपित्री अमावास्येला सुरू होऊन दुर्गाष्टमीपर्यंत चालतं, आपलं नवरात्रात. म्हणजे तेच दिवस, तोच फेर, फक्त मध्ये हत्तीऐवजी फुलं! इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय आणि कोणी बघितलं नव्हतं.

तर त्या वर्षी हत्ती आणि बतुकम्मा एकाच चौकात शेजारी मांडले आणि एक फेर इकडून, एक फेर तिकडून. सुरुवातीला बायका आपापल्याच फेरात होत्या, लाजत. मिसळल्या कुठे माहितेय, फुलं निवडताना. त्यांच्या थरात जे पांढरट-गुलाबी तुऱ्यांचं फूल लागतं, गुनुगु, ते आमच्या मालवणच्या एका मावशींनी हातात घेतलं आणि म्हणाल्या, अगं ही तर कुर्डू, पावसाळ्यात आम्ही हिची भाजी करतो. झालं. मग तरवडाची फुलं त्यांनाही लागतात असं निघालं, मग दादरच्या फूलमार्केटला कुठल्या गल्लीत स्वस्त मिळतं, मग भाजी कशी करतात, कांदा किती. तासभर देठ तोडत बसल्या होत्या सगळ्या. स्टेजवर उभं करून हे कधीच झालं नसतं.

खिरापत ओळखायच्या वेळी तर मजा, कारण तेलुगू घरातून आलेला डबा कोणालाच ओळखता येईना आणि आमच्या पोरी हरल्या.

त्यामुळे माझं म्हणणं, एकमेकांना पाहुणे म्हणून बोलावूच नका. पाहुणा खुर्चीवर बसतो आणि निघून जातो. हाताला एकच काम द्या दोघांना. आणि ते काम बसून करायचं असलं तर उत्तम, उभी माणसं गप्पा मारत नाहीत.

टॉवर_पण_मराठी
मी त्या समोरच्या टॉवरसारख्याच एका टॉवरमध्ये राहतो, आधीच सांगतो म्हणजे शिव्या एकदमच घालून घ्या. माझ्या मते ओपन माइक, एखादी कॉफीची मशीन, चांगलं लायटिंग, इन्स्टा पेज असं केलंत तर आमच्या बाजूची पब्लिक नक्की येईल आणि चार पैसे पण देईल. भिंतीवर मस्त म्युरल करून घ्या, ॲस्थेटिक दिसलं पाहिजे.

पोटमाळा
येईल हो तुमची पब्लिक. आणि वर्षभरात खालच्या गाळ्यातली पोरं दाराबाहेर उभी राहून आत बघतील, कारण ज्या जागेत कॉफी मिळते तिथे आपण बसायचं नसतं हे त्यांना न सांगता कळतं. लाइट साधी ट्यूबलाइटच बरी.

टॉवर_पण_मराठी
फेअर पॉइंट. पण मग टायमिंगचं बघा, आमच्याकडे लोक ऑफिसातून नऊला घरी येतात, ७ ते ९ ठेवलंत तर आमच्यातलं कोणीच येणार नाही आणि परत म्हणाल टॉवरवाले मिसळत नाहीत. रविवार सकाळ चालेल. आणि आमच्याकडे घरकाम करणाऱ्या ताया, वॉचमन, ड्रायव्हर हे सगळे तुमच्याच गल्लीतले आहेत, त्यांच्यासमोर मॅडमला सतरंजीवर बसून लेझीम शिकायला लावा, तेच खरं एक्स्चेंज होईल असं मला वाटतं.

ढोलकी_आणि_मी
लेझीम बसून शिकत नाहीत दादा 😄 पण मुद्दा कळला.

मी शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्यांना (सामन्यांना) ढोलकी वाजवतो, चिपळूणकडचा, राहतो लालबागला. धागाकर्त्याला एक सुचवतो. तुमच्या गाळ्यातल्या यूपीच्या पोरांमध्ये एखादा बिरहा गाणारा आहे का विचारा, असतोच, तबेल्याच्या लाइनीत तर हमखास. आपल्याकडे शक्तीवाला आणि तुरेवाला समोरासमोर उभे राहून सवाल टाकतात, पुराणातला पेच टाकायचा आणि समोरच्याने गाण्यातूनच सोडवायचा. त्यांच्याकडे बिरह्याचा दंगल असतो, दोन गायक, रात्रभर, एकमेकांवर मात. जात तीच आहे या गाण्याची. आम्ही एका पूजेला एकत्र बसलो होतो, आमचा शाहीर आणि एक भय्या, तो दोन्ही हातांत लोखंडी करताल घेऊन असला खणखणाट करतो की आमचा झांजवाला गपगार.

पण लगेच जमलं असं नाही सांगणार. ताल बसेना. ढोलकीच्या शाईच्या (काळा लेप असलेल्या) तोंडातून टणक बोल निघतो, त्यांच्या ढोलकला ती शाई नाही, त्यांचा सगळा जोर डग्गीच्या घुमाऱ्यावर. दोन्ही एकदम वाजवलं की बाजार. शेवटी ठरलं की एकाने वाजवायचं तेव्हा दुसऱ्याने नुसता ठेका धरायचा, मग जरा गाडी रुळावर. आणि भोजपुरी आमच्या म्हाताऱ्यांना कळेना, तेव्हा एक दुभाषी लागतोच, पण शब्दाला शब्द सांगणारा नको, सवाल काय आहे तेवढं दोन वाक्यांत सांगणारा पाहिजे. सवाल कळला की पब्लिक पेटते, मग भाषा राहते बाजूला.

एक सावधगिरी. आपल्या बारीत चिमटे काढतात, गावावरून, आडनावावरून. आपल्यात चालतं. बाहेरच्या माणसाला तो चिमटा कळत नाही आणि राडा होतो. पहिल्या दोन-चार वेळा फक्त रामायण-महाभारतातले सवाल ठेवा, राजकारण तर अजिबात नको, इलेक्शनच्या दिवसांत तर कुलूपच लावा.

लालबाग_लेन
फॉलो करतेय. आमच्याकडे पण सेम, फक्त व्यायामशाळेच्या जागी बंद पडलेली बालवाडी.

दापोलीकर_भाईजान
मी कोकणी मुसलमान, घरात मराठीच बोलतो, त्यामुळे आमचं घर नक्की कुठल्या रांगेत धरायचं ते तुम्ही ठरवा 🙂

तसबिरीचा विषय कुणी काढला नाही पण तुमच्या मनात असणार म्हणून मीच काढतो. मारुती राहू दे. व्यायामशाळा आहे, मारुती असणारच, तो काढलात तर चाळीतले म्हातारे दुखावतील आणि खापर फुटेल आमच्यासारख्यांवर, ज्यांनी काही मागितलेलंच नाही. आमच्या मुली येतील की नाही हे तसबिरीवर ठरत नाही. दार उघडं असतं का, आत बाई असते का, आणि किती वाजता संपतं, यावर ठरतं. रमजानमध्ये संध्याकाळचा वर्ग ठेवू नका एवढं बघा, तो रविवार सकाळवर ढकला.

आणि एक सुचवणं. माझे मामा कातिब होते, उर्दू पेपरची पानं हाताने लिहायचे, कॉम्प्युटर आला आणि ते काम गेलं. त्यांची बोरूची लेखणी अजून आहे. तिरकी कापतात, टोकाचा जाड-बारीक फटका तिथूनच येतो. मोडी शिकवणारे पण बोरूच घेऊन बसतात ना? एका सतरंजीवर दोघांना बसवा, एकाची आधी आडवी रेघ मारून तिला अक्षरं लटकवायची, दुसऱ्याची उजवीकडून तिरकी उतरत यायची. पोरांना बोरू कापायला द्या फक्त, दोन तास हलणार नाहीत. ब्लेड मोठ्यांनी सांभाळा. खर्च म्हणाल तर शाई, कागद, बोरू, बस.

नाटकवेडा_दादर
परवानग्यांचं राहिलंय ते लिहितो, पण त्याआधी एक. जागा लहान आहे म्हणून खंत करू नका. दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून आविष्कारने प्रायोगिक नाटकांचं जे केंद्र उभं केलं ते शाळेच्या साध्या हॉलमध्ये, तिथे ना रंगमंच ना मखमली पडदा. आविष्कार संस्था स्वतः १९७१ ची, अरविंद आणि सुलभा देशपांडे वगैरे मंडळींची. पण त्यांनी हॉल फक्त आपल्यासाठी ठेवला नाही, इतर ग्रुपनाही तिथे नाटकं करता आली, म्हणून ती चळवळ झाली. नाहीतर एका ग्रुपची तालमीची खोली झाली असती. तुमच्या खोलीचंही हेच आहे, पहिल्या चार-पाच जणांचीच ती झाली तर संपलं. आणि तुमच्या गिरणगावाला तर हॉलचीही गरज नव्हती, चाळीसच्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक कामगार वस्त्यांमध्येच उघड्यावर गायचं.

आता रुक्ष भाग. शिकणं-शिकवणं, सराव, गप्पा यांना काही लागत नाही. तिकीट लावून किंवा आलेल्यांकडून पैसे गोळा करून जाहीर प्रयोग केलात की पोलिसांचं परफॉर्मन्स लायसन्स आलं, आणि नाटक असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून घ्यावी लागते. म्हणून तिकीटही नको आणि डबा फिरवणंही नको. रेकॉर्डेड गाणी लावून जाहीर कार्यक्रम केला तर त्या कंपन्यांचं लायसन्स वेगळं, पारंपरिक गाणी स्वतः म्हटलीत तर तो प्रश्नच येत नाही. स्पीकर रात्री १० ला बंद म्हणजे बंद. रहिवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि ५५ म्हणजे फार काही नाही हो, ढोलकी दार बंद करूनही त्याच्या वर जाते. साडेतीनशे फुटांत माइक लागत नाही, विकतही घेऊ नका, घेतलात की वापराल.

चाळकरी_डिलाईलरोड
मंडळी, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना. बिल काढून बघितलं, मीटर मंडळाच्या नावावर आहे. पीटीआरचा उतारा काढायला टाकतोय, आमचे दोन विश्वस्त तर फोटोत आहेत, हार घातलेले.

काकांना "जागा नको, वेळ द्या" हे सांगितलं, जरा मऊ झालेत. म्हणाले रविवारच्या सभेत मांड. पण आता दुसऱ्या एकाने काढलंय की मल्लखांब उपटून टाकू, मधोमध आहे, अडचण होते. आणि किल्ली कोणाकडे राहणार यावर आत्तापासूनच गट पडलेत.

ढोलकी_आणि_मी
मल्लखांबाला हात लावू नका!! शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात परदेशातून माणसं मल्लखांब शिकायला येतात आणि तुम्ही घरचा उपटणार? रविवारी सकाळी आधी पोरांचा मल्लखांब घ्या, चाळीतल्याच कुणा जुन्या पहिलवानाला धरा, तो शिकवेल आणि तोच तुमचा सगळ्यात मोठा पाठीराखा होईल. यूपीच्या पोरांतला कुस्ती खेळलेला एखादा निघाला तर दुधात साखर. फेर धरायचा तर खांबाभोवती धरा, मध्ये काहीतरी लागतंच.

प्रभादेवीची_सीमा
किल्ली दोन जणांकडे. एक तुमच्या चाळीतल्या वयस्क बाईकडे, जी दिवसभर घरी असते आणि जिला सगळे घाबरतात, अशी एक प्रत्येक चाळीत असते. दुसरी मागच्या तेलुगू चाळीत. मराठी चाळीतल्या खोलीची किल्ली तिकडे आहे एवढं कळलं ना की ते लोक पाहुण्यासारखे वागत नाहीत, झाडूसुद्धा मारून जातात. सभेत विरोध होईल, काकांकडूनच मांडून घ्या. वहीत लिहायचं कोणी उघडलं, कोणी बंद केलं, सही.

पोटमाळा
किल्लीचं पटलं. फक्त ठरावात "मंडळाच्या वतीने किल्ली सांभाळणार" असा शब्द टाका, नुसतं "किल्ली देण्यात आली" नको.

आणि चपलांसाठी स्टँड दाराच्या आतल्या बाजूला करा. पॅसेजमध्ये चपला पसरल्या की पहिली लेखी तक्रार तिथूनच येते, कलेबिलेशी तिचा काही संबंध नसतो.

चाळकरी_डिलाईलरोड
प्लायवूड आहेच भरपूर, स्टँड त्यातूनच करतो. रविवारी सभा झाली की कळवतो काय ते.

दापोलीकर_भाईजान
कळवा. मामांना विचारलंय, बोरू कापायला यायला तयार आहेत, जिने चढायला लागणार नाहीत ना एवढंच विचारत होते. तळमजला म्हटलं, मग हो म्हणाले.